जिप्सीला ३१ इंची टायर: अॅक्सल कुठून आणि किती मजबूत करायचा

मारुती जिप्सीला मोठे टायर लावायचे म्हटले की बहुतेक जण आधी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) उंची, मग रिम आणि मग टायर असा विचार करतात. अॅक्सलकडे लक्ष जाते ते त्यातला पहिला शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटल्यावर. हा क्रम उलटा हवा. टायर किती मोठा ते आधी पक्के करा, त्या टायरची पकड अॅक्सलवर किती भार टाकणार याचा हिशेब करा आणि मग चाकापासून आत, गोळ्यापर्यंत (अॅक्सलच्या मधल्या दातेरी चाकांच्या संचापर्यंत), एकेक भाग तपासत जा. मधलाच एखादा भाग मजबूत केला तर तुटण्याची जागा फक्त बदलते, आणि बरेचदा ती स्वस्त भागावरून महाग भागावर जाते.

या लेखातले आकडे १.३ लिटर एमपीएफआय इंजिनाच्या, रुंद ट्रॅकच्या (डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर जास्त असलेल्या) एमजी ४१३ डब्ल्यू म्हणजे जिप्सी किंगसाठी आहेत. अमेरिकेत सामुराई आणि ऑस्ट्रेलियात सिएरा या नावाने विकलेल्या गाड्या याच घराण्यातल्या, त्यामुळे तिकडचे बरेच भाग इकडे चालतात. मात्र जुन्या अरुंद ट्रॅकच्या गाडीचे शाफ्ट लांबीला कमी पडतात. कुठलाही शाफ्ट मागवण्याआधी आपला जुना शाफ्ट बाहेर काढा, लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, दोन्ही टोकांचे स्प्लाइन, म्हणजे लांबीच्या दिशेने कापलेले दाते, मोजा आणि ते आकडे विक्रेत्याकडून लेखी पक्के करून घ्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. पुढे दिलेले काम खासगी जागेतल्या ऑफ-रोड ट्रॅकवर किंवा स्पर्धेत चालणाऱ्या गाडीसाठी आहे. तशी गाडी ट्रेलरवरून न्यावी. रस्त्यावरच्या अपघातात विमा नाकारला गेला तर त्याची भरपाई कुठलाही मजबूत शाफ्ट करून देत नाही.

आधी कागद-पेन

जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात दोन्ही बाजूंची भिंत १४३.५ मिमी धरली की व्यास ६६८ मिमी होतो. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३३ मिमी आणि ३१ × १०.५ आर १५ चा कागदावरचा व्यास ७८७ मिमी. म्हणजे ३१ इंची टायर मूळ टायरपेक्षा जवळजवळ १८ टक्के मोठा.

जिप्सीचा गोळा, म्हणजे क्राउन (मोठे दातेरी चाक) आणि टेल पिनियन (त्याला फिरवणारे छोटे), ३.९०९ चा आहे: ४३ दात भागिले ११ दात. ३१ इंची टायर लावले की तोच गोळा ३.३२ असल्यासारखा वागतो. गाडी पहिल्या गिअरमध्येही जड उठते आणि क्लच घसरवत चढ काढावे लागतात. मूळचा दम परत हवा तर ३.९०९ गुणिले १.१७८, म्हणजे साधारण ४.६ चा गोळा लागतो.

आता पकडीचा हिशेब. चढावर मागच्या एका चाकावर ४५० किलो भार आला, टायर कोरड्या कातळावर आहे आणि घर्षण ०.९ धरले, तर ते चाक घसरण्याआधी शाफ्टवर येणारा पीळ (टॉर्क) असा: ४५० × ९.८१ × ०.९ × चाकाची भाराखालची त्रिज्या. मूळ टायरची त्रिज्या ०.३२ मीटर धरली तर १,२७० न्यूटन-मीटर, ३१ इंचीची ०.३७५ धरली तर १,४९०. गाडी तिरकी होऊन त्याच चाकावर ६०० किलो आले की आकडा २,००० च्या जवळ जातो. मोठा टायर हवा कमी करून चालवला की दगडाला अधिक चिकटतो, म्हणजे घर्षणाचा आकडाही वाढतो.

इंजिन हा पीळ देऊ शकते का? सहज. १०३ न्यूटन-मीटरचे इंजिन, पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) लो गिअर २.२६८ आणि गोळा ३.९०९ यांचा गुणाकार ३,३०० च्या वर जातो. उघडा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गोळ्यातला भाग) असेल तर एक चाक हवेत गेले की दुसऱ्याला काही मिळत नाही, त्यामुळे शाफ्ट वाचतो. लॉकर (दोन्ही चाके एकत्र जखडणारे यंत्र) बसवला किंवा डिफ वेल्ड केला की सगळा पीळ जमिनीला धरून बसलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टमधून जातो. म्हणून ३१ इंची टायर आणि लॉकर ही जोडी मूळ शाफ्टवर लावू नये, मग चालवणारा कितीही सावध असो.

टायरप्रमाणे किती काम

२३५/७५ पर्यंत अॅक्सलमध्ये नवे काही घालण्याची गरज नाही. बेअरिंग, सील, किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते तो खुंट) आणि ब्रेक नव्यासारखे असले की पुरे. ३० इंचीला सीव्ही जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकालाही ताकद पोहोचवणारा सांधा) आणि मागचे शाफ्ट निरोगी हवेत, आणि गोळा बदलला तर गाडी हलकी चालते. ३१ इंचीला लॉकर असेल तर गोळा, चारही हाफ शाफ्ट (गोळ्यापासून एकेका चाकापर्यंतचे), पुढचे सीव्ही, हौसिंगला (अॅक्सलच्या बाहेरच्या कवचाला) बळकटी, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सगळे एकत्रच करावे लागते. ३३ इंचीच्या पुढे जिप्सीच्या अॅक्सलवर पैसे घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे जुन्या टोयोटा हायलक्सचा आठ इंची क्राउनचा, ३० स्प्लाइनचा सबंध अॅक्सल घालण्याची पद्धत जगभर रुळली आहे. त्यात चाकाचे बोल्ट पाचाचे सहा होतात, पाट्यांच्या खुर्च्या नव्याने वेल्ड कराव्या लागतात आणि प्रॉपेलर शाफ्ट पुन्हा बनवावे लागतात. तो वेगळा प्रकल्प आहे.

जुना अॅक्सल उघडून वाचणे

गाडी सपाट जागी घ्या, चासीखाली घोड्या लावा, जॅकवर विसंबू नका. तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्या. दुधी रंग म्हणजे पाणी गेले आहे. तळाशी चंदेरी धूळ थोडी असणारच, पण बोटाला टोचणारे कण निघाले तर गोळ्याचे बेअरिंग किंवा दात गेले आहेत.

जिप्सीचा गोळा टोयोटासारखाच हौसिंगमधून अख्खा बाहेर येतो, त्याआधी दोन्ही शाफ्ट ओढून घ्यावे लागतात. मागचा शाफ्ट काढायला ड्रम उतरवा, बॅकप्लेटचे चार नट सोडा आणि शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर ओढा. अडकला तर सरकत्या हातोड्याने काढा, बॅकप्लेटवर छिन्नी मारू नका. बॅकप्लेट वाकली की ब्रेक शू कायमचे तिरके घासतात.

शाफ्ट हातात आला की स्प्लाइन उजेडात धरून लांबीच्या दिशेने पाहा. सरळ असायला हवेत. टोकाकडे किंचित वळलेले दिसले तर तो शाफ्ट पिळला गेला आहे. तो अजून चालतो म्हणून परत घालू नका. नव्या शाफ्टवर, तो बसवण्याआधी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी उघडताना रेघ फिरलेली दिसली तर शाफ्ट सहनशक्तीच्या पलीकडे गेला हे मोजमाप न करता कळते.

तुटलेला तुकडाही बोलका असतो. कडेपासून आत शिंपल्यासारख्या रेषा आणि शेवटी थोडा खडबडीत भाग असेल तर तडा बरेच दिवस वाढत होता. म्हणजे कुठेतरी ओरखडा, गंज किंवा धारदार कोपरा होता. काटकोनात सपाट कापल्यासारखा तुटला असेल तर धातू चिवट होता पण भार जास्त झाला. ४५ अंशांत मळसूत्रासारखा तुटला असेल तर धातू ठिसूळ होता, आणि त्याच कारागिराकडून पुन्हा शाफ्ट घेण्याआधी विचार करा.

पुढच्या बाजूला नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोलाकार पोकळीत ग्रीस हवे. तिथून काळी पातळ आमटी गळत असेल तर आतला ऑइल सील गेला आहे आणि गोळ्याचे तेल ग्रीसमध्ये मिसळले आहे. सीव्ही जॉइंट बाहेर काढून केरोसीनने धुवा, पिंजरा वाकवून त्यातल्या सहाही पोलादी गोळ्या एकेक करून काढा. पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत केसाएवढी चीर आहे का ते भिंगातून बघा. तिथूनच तो फुटायला लागतो. बाहेरच्या वाटीत गोळीने खड्डा पाडला असेल तर जॉइंट बदला.

गोळा बदलणे

३१ इंचीसाठी हाताशी येणारा पर्याय म्हणजे ५.१२५ चा, ४१ भागिले ८ दातांचा संच. सुझुकीच्या साइडकिक आणि विटारा कुळातल्या काही गाड्यांत हा गुणोत्तर असे, आणि सामुराईत तो बसवण्याची चाल अमेरिकेत जुनी आहे. ३१ इंची टायरवर तो मूळ गाडीपेक्षाही थोडा जास्त दम देतो. पाचव्या गिअरमध्ये ८० किमी वेगाला मूळ गाडीचे इंजिन साधारण २,७८० फेऱ्यांवर असते, नुसते ३१ इंची टायर लावले तर २,३६० वर आणि ५.१२५ घातल्यावर ३,१०० च्या आसपास. वेगात आवाज वाढेल, पण चढावर गिअर धरून राहील.

एक तोटा समजून घ्या. आठ दातांचा पिनियन अकरा दातांच्या पिनियनपेक्षा बारीक असतो. म्हणून ५.१२५ आणि ट्रान्सफर केसमधला खूप खालचा गिअर एकत्र घालणे धोक्याचे. ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चा लो घातला तर पिनियनवर येणारा पीळ साधारण ८५० वरून १,५६० न्यूटन-मीटरवर जातो. गोळ्याचा गुणोत्तर बदलल्याने पिनियनवरचा पीळ वाढत नाही, ट्रान्सफर केस बदलल्याने वाढतो. फक्त दगडावर गोगलगाईच्या गतीने चढायचे असेल तर मूळ ३.९०९ ठेवून ट्रान्सफर केस खाली आणणे बरे. ट्रॅकवर वेगानेही चालवायचे असेल तर गोळा बदला. पुढचा आणि मागचा गुणोत्तर अगदी सारखाच हवा, नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस फुटते.

बसवण्याचा क्रम असा. क्राउन कॅरिअरवर (क्राउन धरणाऱ्या खोक्यावर) बसवताना दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक ओरखडे तेलदगडाने काढा. बोल्ट नवे वापरा, धाग्यांना लॉकिंग द्रव लावा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने टॉर्क पान्याने आवळा. पिनियनखाली जुन्या संचाची शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) तात्पुरती ठेवा. पिनियनचा नट आवळताना मधला चेपणारा स्पेसर हळूहळू चेपत जातो. प्रत्येक थोड्या आवळणीनंतर पिनियन हाताने फिरवून आणि स्प्रिंग काट्याने ओढून त्याचा ताण मोजा. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त आवळला गेला तर नट सैल करून मागे येऊ नका. स्पेसर एकदा चेपला की परत फुगत नाही. नवा स्पेसर घाला, आणि त्यासाठी दोन जादा विकत घेऊन ठेवा.

मग डायल गेज लावून क्राउनची ढिलाई चार जागी मोजा. सुझुकीच्या या गोळ्यासाठी ती ०.१० ते ०.१५ मिमी असते. चार जागी आकडे फारच वेगळे आले तर क्राउन आणि कॅरिअरमध्ये कचरा अडकला आहे. दातांना पिवळा मार्किंग रंग लावून क्राउनला लाकडाच्या दांड्याने थोडा अडवा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर यायला हवा. तो दाताच्या माथ्याकडे गेला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, जास्त जाडीची शिम घाला. मुळाकडे गेला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. दाताच्या लांबीत ठसा एका टोकाला गेला तर क्राउन उजवी-डावीकडे सरकवून ढिलाई बदला. या कामाला अर्धा दिवस द्या. चुकीच्या ठशाचा गोळा सुरुवातीला फक्त कुरकुरतो, मग एका चढावर दात सोडतो.

लॉकर घालायचा असेल तर तो याच वेळी. एआरबीचा एअर लॉकर घेतला तर बटण दाबेपर्यंत गाडी नेहमीसारखी वळते. मागच्या अॅक्सलला पहिला लॉकर, पुढच्याला नंतर. पुढे कायम लॉक असलेला डिफ घालून वळणावर सीव्ही मोडण्यापेक्षा मागे एकच चांगला लॉकर अधिक दूर नेतो.

हाफ शाफ्ट: धातूचे नाव विचारून थांबू नका

परदेशी शाफ्ट क्रोमोली, म्हणजे ४३४० पोलादाचे असतात. आपल्याकडे त्याचा जवळचा भाऊ ईएन २४, आणि पुणे, कोल्हापूरकडचे अनेक लेथवाले तो वापरून शाफ्ट करून देतात. इथे एक सापळा आहे. ईएन २४ बाजारात बहुधा टी अवस्थेत मिळतो, म्हणजे कडकपणा साधारण २४८ ते ३०२ ब्रिनेल. तसाच कापून स्प्लाइन पाडून दिला तर तो मूळ शाफ्टपेक्षा कमजोर निघू शकतो, कारण कंपनीचा शाफ्ट मध्यम कार्बनच्या पोलादाचा असला तरी त्याची साल इंडक्शनने कडक केलेली असते, आणि पिळाचा सगळ्यात जास्त ताण सालीवरच येतो.

म्हणून कारागिराला चार प्रश्न विचारा. कच्च्या मालाचे तपासणी प्रमाणपत्र आहे का? मशिनिंगनंतर पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) टेंपर केले का, आणि कडकपणा किती आला? ४० रॉकवेल सीच्या आसपासचा आकडा हवा. त्याहून फार कडक असेल तर ठिसूळ होतो. स्प्लाइनच्या मुळाशी गोलाई ठेवली आहे का? आणि शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या तळव्यासापेक्षा किंचित बारीक आहे का? शेवटचा प्रश्न ऐकून काही जण चकित होतात, पण शाफ्ट मधून थोडा बारीक असला तर पिळाचा धक्का त्याच्या संपूर्ण लांबीत पसरतो. जाड मध्य आणि बारीक स्प्लाइन असेल तर सगळा पीळ स्प्लाइनच्या सुरुवातीला जमतो आणि तिथेच तो कापला जातो. लेथच्या अवजाराच्या रेषा दिसत असतील तर पॉलिश करून घ्या.

जिप्सीचा मागचा अॅक्सल सेमी-फ्लोटिंग आहे: गाडीचे वजनही शाफ्टच वाहतो. तो बेअरिंगच्या आत तुटला तर चाक जागेवर राहते, बेअरिंगच्या बाहेर फ्लँजजवळ (चाक ज्याला बोल्टने बसते त्या चकतीजवळ) तुटला तर चाक गाडी सोडून जाते. म्हणून फ्लँजच्या मुळाची गोलाई सगळ्यात काळजीने तपासा. बेअरिंग आणि त्याची धरून ठेवणारी रिंग प्रेसने बसवा. जुनी रिंग काढताना ग्राइंडर शाफ्टला लागू देऊ नका, रिंग तीन-चतुर्थांश कापा आणि उरलेली छिन्नीने फोडा. शाफ्टवर पडलेला ग्राइंडरचा एक घाव हा पुढच्या तड्याचा पहिला मिलिमीटर असतो.

पुढे लांब आणि आखूड असे दोन शाफ्ट आणि दोन सीव्ही. सीव्ही सरळ असताना भरपूर सोसतो, पूर्ण वळवलेल्या चाकावर फार कमी. आपल्या सह्याद्रीत हे पावसाळ्यात नेमके घडते: शेवाळलेल्या कातळावर चाक गरगर फिरते, पुढच्या क्षणी कोरड्या दगडाची कड सापडते, फिरणारे चाक एका झटक्यात थांबते आणि तो झटका वळलेल्या जॉइंटवर येतो. मजबूत सीव्ही घाला, शिवाय स्टिअरिंगचे स्टॉपर बोल्ट थोडे बाहेर काढून वळण काही अंशांनी कमी करा. वळण्याचे वर्तुळ थोडे वाढेल, जॉइंट वाचतील.

नवे सीव्ही भरताना मोलिब्डेनमयुक्त लिथियम ग्रीस गोळ्यांच्या मध्ये बोटाने दाबून घाला, वरवर लावू नका. फ्री-व्हील हब (पुढचे चाक शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते चांगल्या प्रतीचेच घ्या, पण शाफ्टपेक्षा हब आधी मोडेल अशी रचना असेल तर ती तशीच राहू द्या. बाहेरचा हब रानात अर्ध्या तासात बदलता येतो, गोळा नाही.

हौसिंगला बळ

जिप्सीची हौसिंग दाबून घडवलेल्या पत्र्याची आहे. मोठ्या टायरने आणि बाहेर आलेल्या रिमने तिच्यावरचा वाकवणारा भार वाढतो, आणि ती उडी मारल्यावर मधून खाली वाकते. उपाय म्हणजे वरून ४ ते ५ मिमी प्लेटचा ट्रस, म्हणजे आधाराचा सांगाडा. काम सोपे दिसते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सरळ हौसिंग वाकडी करून ठेवल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये भरपूर दिसतात.

वेल्ड करण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर सरळ पाइप बांधून पुढे-मागे आणि वर-खाली अंतरे मोजून लिहून ठेवा. सील आणि बेअरिंग काढून घ्या, हौसिंगच्या तोंडावर जुना गोळ्याचा खोका बोल्टने आवळून ठेवा म्हणजे तोंड पिळणार नाही. गंज आणि रंग धातू चमकेपर्यंत काढा. एका वेळी २५ मिमीचाच टाका घाला, मग उलट टोकाला दुसरा, आणि हात टेकवता येईल इतके थंड झाल्यावर पुढचा. पाणी ओतून थंड करू नका. शेवटी पाइप लावून पुन्हा मोजा. मिलिमीटरभर फरक राहिला तर विरुद्ध बाजूला उष्णता देऊन ओढून घ्या. पुढच्या अॅक्सलवर ट्रस घालताना पाट्या पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा तेलाचा डबा कुठे येतो तेही बघा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ट्रस डब्यात शिरतो. ब्रीदरची (अॅक्सलमधली हवा आत-बाहेर सोडणारी) नळी लांब करून इंजिन-खोलीत वर न्या. गरम अॅक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढून घेतो.

नकल, ब्रेक, स्टिअरिंग

किंगपिनची चारही बेअरिंग आणि रेस नव्या घाला. सील न लावता नकलचे टोक स्प्रिंग काट्याने ओढा, ते साधारण १ ते १.८ किलोला हलायला लागले पाहिजे. सैल असेल तर शिम कमी करा. सैल किंगपिनवर ३१ इंची टायर ५०-६० च्या वेगाला असे थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. डँपर बसवून ही थरथर झाकू नका.

पाट्या उंच केल्या की कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या अक्षाचा मागे झुकाव) बदलतो. मूळ कॅस्टर साडेतीन अंश आहे. कोनमापकाने मोजून पाचरी प्लेट घाला. टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली ते माप) मूळ २ ते ६ मिमी. वाकलेला ड्रॅगलिंक (स्टिअरिंगचा जोडदांडा), जो वरून झेडसारखा दिसतो, उंच गाडीत चाक वर-खाली होताच गाडी आपोआप वळवतो. त्याऐवजी वरून जाणारी सरळ लिंक घ्या, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बुडाशी चासीला चीर आहे का ते तपासून प्लेट वेल्ड करा.

ब्रेकचे गणित लोक विसरतात. टायर १८ टक्के मोठा झाला की तेवढ्याच पेडलने जमिनीवरची ब्रेकची ताकद १५ टक्के कमी होते. टायरचे वजन वाढते ते वेगळेच. नवे पॅड, नवे शू, तेल बदल, मागच्या ड्रमची नेमकी जुळवणी हे किमान. अॅक्सल पूर्ण लटकला असताना ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना हे प्रत्येक चाकाला स्वतः हात लावून बघा.

रुंदी वाढवायला चाकामागे स्पेसर घालू नका. ५ × १३९.७ च्या (१३९.७ मिमी वर्तुळावर पाच बोल्ट) रिम योग्य ऑफसेटमध्ये घ्या. चाक जितके बाहेर, तितका बाहेरच्या बेअरिंगवर आणि मागच्या शाफ्टच्या फ्लँजवर वाकवणारा भार जास्त.

तेल, पहिली धाव आणि सोबतचे सामान

पुढच्या अॅक्सलमध्ये २ लिटर, मागच्यात १.५ लिटर जीएल-५ दर्जाचे ८० डब्ल्यू ९० तेल. पहिल्या दिवशी २०-२५ मिनिटे हलक्या पायाने चालवा, मग थांबून हौसिंगला हात लावा. हात टेकत नसेल इतके गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळले आहेत. पूर्ण थंड होऊ द्या आणि हे दोन-तीनदा करा. नव्या गोळ्याला पहिल्या ८०० किमीत ओढकाम, पूर्ण भार आणि दगड नको. त्यानंतर तेल बदला, मॅग्नेट असलेला प्लग घाला.

स्पीडोमीटर आता चुकीचा दाखवेल. ३१ इंची आणि मूळ गोळा असेल तर काटा ८० दाखवताना गाडी ९४ ने जात असते. ५.१२५ घातला तर काटा ८० वर असताना खरा वेग ७२ च्या आसपास. जीपीएसशी ताळा करून घ्या.

पहिल्या रानसफारीनंतर चाकाचे नट, ट्रान्सफर केसचे माउंट, किंगपिनच्या टोप्या आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाट्यांचे यू-बोल्ट नवे असले तर ते हमखास सैल होतात. सोबत पुढचा एक लांब आणि एक आखूड शाफ्ट सीव्हीसकट, मागचा एक शाफ्ट बेअरिंग दाबून तयार केलेला, दोन सील, ग्रीसचा डबा, हबच्या लॉकनटाचा बॉक्स पाना आणि दोन लिटर तेल ठेवा. पाना मात्र निघण्यापूर्वी आपल्याच हबवर लावून बघा, कारण त्या नटाला दुसरे काहीही नीट बसत नाही.